खुंटीवरची भलतीच टोपी

सतराशे अठ्ठ्याण्णव साली फिलाडेल्फियात जोथम प्रुइट मोची अध्यक्षांच्या आणि त्यांच्या विरोधातल्या फ्रान्सवाल्यांच्या, दोन्ही पक्षांचे जोडे शिवायचा आणि दोघांनाही घाबरायचा. टोपीला मात्र फ्रान्सवाल्यांची तिरंगी फीत लावायचा, कारण आळी त्यांची होती.

त्या संध्याकाळी खानावळीतून निघताना त्यानं घाईत भलतीच टोपी उचलली. कोपऱ्यावर आळीतली मंडळी दांडकी घेऊन उभी होती.

“काय मोचीदादा, अध्यक्षांची काळी फीत? कधी बाटलात?”

जोथमनं टोपी झटकन काढून हातात धरली. “माझी नाही रे बाबांनो! पाववाल्या सायलसची आहे.”

“मग तुमची कुठंय?”

 खुंटीवर उरलेली जोथमची तिरंगी फितीची टोपी घालून म्हातारा सायलस एव्हाना काळ्या फितीवाल्यांच्या आळीत घरी निघाला असणार. तिथंही दांडकी होतीच.

जोथम रडकुंडीला येऊन त्याच्यामागे धावला. काळी टोपी नेमकी कुठल्या वळणावर घालायची, तेवढं त्याला कळेना.