पुठ्ठ्यावरचे आठ व्हॉल्व्ह

भिंगरी मिस्त्री एका जागी बसलेला कुणी पाहिला असेल, तर त्यानं पुढे येऊन सांगावं. जेवताना हा दोनदा उठणार, बोलताना फेऱ्या मारणार, आणि दुसऱ्याच्या हातात पाना दिसला की तो काढून घेतल्याशिवाय याला चैन पडणार नाही. जन्मभर डिझेल इंजिनं उघडली नि जोडली. आता हात थरथरतात. वर्कशॉप पोराच्या ताब्यात गेलंय आणि म्हाताऱ्याच्या वाट्याला सुट्या भागांचं धुणंपुसणं आलंय. त्याचा त्याला मनस्वी राग. पण शटर उघडायच्या आधी दारात हजर कोण? हाच.

त्या दिवशी नदीपार माणसं नेणाऱ्या लाँचचं इंजिन आलं होतं. पोरानं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवून त्यातले आठही व्हॉल्व्ह पेस्ट लावून आपापल्या सीटवर, म्हणजे बसायच्या कडेवर, घासले होते. एकदा घासला की व्हॉल्व्ह त्याच सीटचा. दुसऱ्या सीटवर तो बसल्यासारखा दिसतो, पण फटीतून दाब निसटतो, इंजिन धूर ओकतं आणि भर प्रवाहात लाँचचा दम जातो. म्हणून पुठ्ठ्याला ओळीनं भोकं पाडून त्यात व्हॉल्व्ह क्रमानं खोचायचे, ही भिंगरीचीच जुनी पद्धत. पहिला कुठला आणि शेवटचा कुठला, याची खूण पुठ्ठ्यावर त्यानं कधी केली नाही. खूण कशाला, डोकं आहे ना!

"बाबा, पेस्ट तेवढी धुऊन ठेवा," पोरगा म्हणाला. "मी हेडखाली घालायचं गॅस्केट घेऊन येतो. आजच हेड चढवायचंय, सकाळी लाँच सुटणार."

ते 'तेवढी' भिंगरीला झोंबलं. टेबलावरच्या पुठ्ठ्यातून त्यानं एकेक व्हॉल्व्ह काढून रॉकेलमध्ये धुतला आणि फडक्यावर ओळीनं मांडला. मग बसवेना. उजेड बरा नाही म्हणून फडकं अलगद उचलून तो टेबलाच्या पलीकडे, खिडकीपाशी गेला. तिथे एकेक व्हॉल्व्ह आरशासारखा लख्ख पुसला आणि डावीकडून सुरुवात करून पुठ्ठ्यात खोचला. पोराची वाट बघण्याइतका धीर होता कुठे? निघाला घरी.

घरी बायको समोर बसून त्याच्या गोळ्यांची डबी भरत होती. एका टोकाला सकाळच्या, दुसऱ्या टोकाला रात्रीच्या.

"अगं, उलटी भरतेयस."

"माझ्या बाजूनं बघा. सुलटीच आहे."

भिंगरीनं चहाचा कप खाली ठेवला. फडकं त्याच्याबरोबर फिरलं होतं, पुठ्ठा मात्र जागेवरच होता. पहिला व्हॉल्व्ह शेवटच्या भोकात गेला होता! आणि त्या इंजिनात दोन्ही टोकांना लहान व्हॉल्व्ह, त्यांच्या शेजारी मोठे, अशी दोन्हीकडून सारखीच मांडणी. नुसत्या डोळ्यांना काही कळायचं नाही.

तो उठला, बसला, पुन्हा उठला. सांगावं तर धुणंपुसणंही जाणार, मग घरात भिंती मोजायच्या. न सांगावं तर लाँच माणसांनी भरलेली असणार. गॅलरीत गेला, परत आला, चपला घातल्या, काढल्या. त्याला खरोखर भीती वाटत होती. इंजिनाची जास्त की घरी बसायची, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"अहो, जा एकदाचे कुठे जायचंय तिथे," बायको वैतागली. "माझं डोकं गरगरायला लागलं."

तो धापा टाकत पोचला तेव्हा हेड इंजिनावर चढलं होतं आणि पोरगा बोल्ट आवळत होता. बोल्ट पुरेसा आवळला की त्याचा पाना टक्कन वाजायचा.

"थांब! हेड उतरव. व्हॉल्व्ह उलटे लागलेत. माझ्या हातून झालं ते."

पोरानं पाना खाली घेतला. "उलटे होते. मी सुलटे केले. चढवायच्या आधी हेड उलटं ठेवून व्हॉल्व्हवर डिझेल ओतून बघितलं, सगळीकडून झिरपलं. पुठ्ठा फिरवून पुन्हा लावले. आता थेंब नाही गळत."

भिंगरीच्या जिवात जीव आला. तो स्टुलावर टेकला, आणि टेकल्या टेकल्या त्याच्या डोक्यात दुसरंच आलं.

"घासून झाल्यावर बघितलं होतंस की ओतून. माझ्यासमोर. मग परत का बघितलंस?"

पोरगा पाना पुसत राहिला.

"मी हात लावला म्हणून?"

पोरानं पुसलेलाच पाना पुन्हा पुसला.

"परवा त्या स्प्रिंगा मी साफ केल्या, त्या?"

"बाबा, बोल्ट आवळायचेत अजून."

"म्हणजे त्याही परत तपासल्यास. रोजच." भिंगरी स्टुलावरून उठला. "मला सांगायचं होतंस रे."

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आला असतात तुम्ही?"

एरवी तो तरातरा निघून गेला असता. पायही तसे शिवशिवले. पण त्यानं स्टूल ओढत टेबलाला वळसा घातला, पोराच्या बाजूला आणून ठेवलं आणि खडूनं रिकाम्या पुठ्ठ्याच्या एका टोकाला ठसठशीत फुली मारली.

मग सवयीनं म्हणाला, "तो कोपऱ्यातला राहिला बघ."

"हो, राहिलाच," म्हणत पोरानं त्या बोल्टला पाना लावला. लावताक्षणी पाना टक्कन वाजला. बोल्ट आधीच आवळलेला होता.

भिंगरीनं ते ऐकलं. तरी तो जागचा उठला नाही.