साडूभाऊंची स्प्रिंगची बंदूक

माझ्या साडूभाऊंइतका घट्ट हाताचा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात सापडायचा नाही. खर्चाला हात मोकळा. पण एखादी वस्तू हातात आली की ती आवळायची, हा स्वभाव. त्यांनी बंद केलेला नळ उघडायला प्लंबर लागतो. नांदेडला आमच्याकडे आले की जेवणानंतर लोणच्याची बरणी मोठ्या आपुलकीने बंद करतात, आणि ते पुन्हा येईपर्यंत आम्ही लोणच्यावाचून जेवतो. मी तर त्यांना लांबूनच नमस्कार करतो.

निवृत्तीनंतर या गृहस्थांनी छर्ऱ्यांची बंदूक घेतली. स्प्रिंगची, नळी वाकवून ताणायची. शेतात मातीच्या पोत्यांपुढे निशाणाचा कागद लावून त्यांनी पहिला बार काढला, तर नळीतून धूर आणि जळक्या तेलाचा वास. "बंदूक हाय का चूल?" आक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, शांतपणे म्हणाली. छर्रे कागद सोडून सगळीकडे लागत होते. नेमबाजीच्या क्लबातल्या पोरांनी सल्ला दिला, "काका, परत करा. स्प्रिंगची लई उसळती." उसळते म्हटल्यावर साडूभाऊंनी ती आणखी आवळली, आणि नेम आणखी बिघडला. शेवटी आक्काने बजावलं, "क्लबाच्या स्पर्धेत हसं झालं, तर ही माळ्यावर जाईल."

साडूभाऊ रोज सकाळी शेतात जाऊ लागले. छर्रे मारता मारता आतलं जास्तीचं तेल जळून गेलं, धूर थांबला, स्प्रिंगची खरखर मऊ झाली. सैल होणारे स्क्रू ते रोज तपासत. निरनिराळ्या छर्ऱ्यांतून या नळीला मानवणारी एक जात त्यांनी हेरली. तरी नेम हुकतच होता. मग एक दिवस विळीवर डाव्या हाताची बोटं कापली आणि पट्टी बांधावी लागली. आवळणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी बंदूक तळव्यावर नुसती टेकवली. छर्रा थेट मधोमध. पुढचाही तिथंच. लगेच मला फोन: "साडूभाऊ, बंदूक धरायचीच न्हाई. तिला उसळायचं तसं उसळू द्यायचं. फक्त दर बारीला सारखंच टेकवायचं."

स्पर्धेला मी मुद्दाम लातूरला गेलो. बाकी सगळ्यांकडे दाबलेल्या हवेच्या महागड्या रायफली. स्प्रिंगची एकट्या साडूभाऊंची. बार झाला की ते क्षणभर तसेच स्थिर राहत, मग सावकाश मान वर करत. त्यांचा कागद परीक्षकांनी उजेडाला धरला, तेव्हा मधल्या ठिपक्याच्या जागी सगळ्या छर्ऱ्यांचं मिळून फक्त एक भोक उरलं होतं. ज्येष्ठांत ते पहिले आलेच, पण त्यांचे गुण तरुणांच्याही वर गेले.

बक्षीस घेतल्यावर, बंदूक परत करा म्हणणारी तीच पोरं त्यांच्याभोवती जमली. साडूभाऊ तळवा उघडून दाखवत बोलत होते. मी निघायची घाई केली, तर आक्काने मला खुर्चीवर बसवलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "एवढी माणसं त्यांचं ऐकून राहिलीत. इतक्या वर्षांच्या संसारात मी हे पहिल्यांदाच बघते."

ऊन कललं तरी आम्ही दोघं तिथंच बसून होतो.