भिंतीला भिंत लागून, तीन अक्षरं

पुण्याच्या पेपरची रविवारची पुरवणी इंदूरला सोमवारी पोचते, म्हणून तुकोगंजातल्या आमच्या घरी रविवार सोमवारी असतो. सकाळी सासऱ्यांचे निवृत्त मित्र जमतात, पोहे-जलेबी होते आणि सगळे मिळून शब्दकोडं सोडवतात. सोडवतात म्हणजे सासरे लिहितात आणि बाकीचे माना डोलावतात. लिहायचं ते शाईच्या पेननेच. पेन्सिल धरणाऱ्याचा स्वतःवर विश्वास नसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत होते. तेव्हापासून शुद्ध मराठीचं कंत्राट आपल्याच घराण्याकडे आहे, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नाही.

मी साताऱ्याची. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझं मराठी 'गावाकडचं' ठरलं. कोड्याची उत्तरं मला ओट्याशी सुचायची, मी तिथूनच सांगायचे. बाहेर कोणाला ऐकू जायचं नाही. मग जरा वेळाने एखादे काका तोच शब्द उच्चारायचे आणि 'वा, क्या बात है' व्हायचं. एकदा तरी माझा शब्द माझा म्हणून त्या चौकोनांत पडावा, एवढंच मला हवं होतं. संताप यायचा. अजूनही येतो.

मागे एका सोमवारी सूचना होती: 'भिंतीला भिंत लागून राहणारा, तीन अक्षरं.' सासऱ्यांनी झोकात लिहिलं, पडोसी.

मी उलथनं हातात घेऊन दारात आले. "बाबा, शेजारी."

"सूनबाई, जलेबी आणा जरा."

त्याच 'प'पासून खाली जाणारा शब्द होता, 'गाईला असतं, माणसाला नसतं'. पुढची दोन अक्षरं आधीच भरलेली होती, पू आणि ट. झालं पपूट. शाई वाळलेली, आणि सासऱ्यांना 'चुकलं' म्हणायची इथे कोणाची छाती नाही. शेवटी मराठीचे निवृत्त प्राध्यापक खाकरले. "जुना शब्द दिसतो, भिया. मोडी कागदांत मिळून जाईल." लगेच दुसऱ्या काकांना तो आजीच्या तोंडून ऐकल्याचंही आठवलं. सासरे प्रसन्न झाले. अचूक उत्तरं पाठवणाऱ्यांत आपलं नाव छापून यावं, हा त्यांचा म्हातारपणीचा एकच हट्ट. पपूट पुण्याला रवाना झालं.

त्या दुपारी मीही कोडं पाठवलं. पुरवणी बाहेर द्यायच्या आधी कोऱ्या कोड्याचा फोटो काढून ठेवायची सवय मी लावून घेतली होती. खाली नाव घातलं ते माहेरचं. लग्नात सासऱ्यांनी ताटातल्या तांदळांवर माझं नवं नाव लिहून घेतलं होतं, कारण जुनं त्यांच्या घराण्याला शोभत नव्हतं. त्यानंतर ते या घरात कोणी उच्चारलं नाही. आडनाव तर इतकं सर्रास, की कोणाला संशय यायचं कारण नव्हतं.

पुढे उत्तरं छापून आली. सासऱ्यांचं नाव नव्हतं. इंदूरचं एकच नाव होतं. ते त्यांनी मोठ्याने वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"कोणी बाई आहे. याला म्हणतात मराठी. अपनेवाल्यांपैकी कोण ही? पता करा रे, एक दिवस चहाला बोलावू."

नवरा उठून हात धुवायला गेला. त्याचे हात स्वच्छच होते. मी पोह्यांची प्लेट सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली.

"पडोसीच असेल, बाबा."