चार सीडींचा बॅकअप

कागलचा कृष्णात कांबळे शिरोलीतल्या एका फौंड्रीत लागला तो कास्टिंगच्या कडा फोडायला, हातात हातोडा घेऊन. मग स्वतःच्या हिमतीवर कॉम्प्युटर शिकून ऑफिसात खुर्चीवर येऊन बसला. ते काहींच्या डोळ्यांत खुपायचं. काही बिनसलं, की खापर कृष्णातच्या डोक्यावर. तो वाद घालायचा नाही. जुना मेल शोधून तारखेसकट पुढ्यात ठेवायचा, की विषय तिथंच मिटायचा. आठ वर्षांचे मेल हाच त्याचा एकमेव साक्षीदार. ते गेले, तर आपण परत हातोड्यावर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

२००६च्या सप्टेंबरात ते मेल इतके फुगले, की प्रोग्रॅम उघडायलाच अर्धा तास घेऊ लागला. मालक राजवर्धनसाहेब म्हणाले, "फॉरमॅट मारून टाकूया. मेल तेवढं काढून ठेव."

तेवढं! अख्खी फाइल सीडीवर मावेना. म्हणून कृष्णातनं वर्षावार फोल्डर केले आणि शे-शे मेल ओढून त्यात टाकायला बसला. दर खेपेला स्क्रीन पांढरीफटक व्हायची आणि मशीन ढिम्म. सीडी लिहायला घेतली, तर शेवटच्या घासाला एरर! दोन सीड्या अशाच फुकट गेल्या. कृष्णातनं कीबोर्डवर मूठ आपटली, तर चहा सांडला. पाचव्या दिवशी एकदाच्या चार सीड्या झाल्या.

"साहेब, आणखी एक सेट काढू का? जोखीम नको."

"दोन-दोन कशाला? एक बास की."

त्या वर्षी धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती. आईवडिलांना दीक्षाभूमी दाखवायचा शब्द त्यानं कधीचाच दिला होता. सीड्या टेबलावर नीट रचून ठेवल्या आणि तो नागपूरला गेला. मागं कॉम्प्युटर फॉरमॅट झाला.

परत आल्यावर पहिली सीडी आत घातली. मशीन घरघरलं आणि सीडी बाहेर आली. दुसरी, तिसरी, चौथी, तीच तऱ्हा. उलटी करून बघितली, तर चकाकत्या बाजूवर हळदकुंकवाचे लाल-पिवळे डाग आणि खाली बारीक ओरखडे.

तेवढ्यात गणपतराव आले. फौंड्रीतले सगळ्यांत जुने कामगार, कृष्णातच्या हातात पहिला हातोडा देणारे. सगळे त्यांना आण्णा म्हणत.

"खंडेनवमीला तू हितं न्हवतास. सगळ्यांच्या हत्याराची पूजा झाली, तुझंच तेवढं ऱ्हायलं असतं व्हय? म्हणून तुझ्या तबकड्या मांडल्या. लिवल्याली बाजू खाली ठिवली बघ, अक्षरं पुसाय नकोत. फडक्यानं पुसून बी ठिवल्या."

ते फडकं फौंड्रीतलं, वाळूनं भरलेलं. कृष्णातला ओरडावंसं वाटलं. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून तो सीड्या उचलून धुवायला घेऊन गेला. साबण, स्पिरिट, टूथपेस्ट, सगळं करून झालं. एक मेल निघेल तर शपथ.

पंधरा दिवसांत पुण्याच्या पार्टीनं माल परत पाठवला. कास्टिंगची जाडी दोन मिलिमीटर जास्त. ती त्यांनीच मेल करून वाढवायला सांगितली होती.

"मग दाखव की मेल," साहेब म्हणाले.

"सीड्या खराब झाल्या."

"कुणी केल्या?"

काचेपलीकडं गणपतराव साच्यात वाळू ठोकत होते. रिटायर व्हायला दोन वर्षं होती. कृष्णातला सगळ्यांचा राग आला. साहेबांचा, त्या 'एक बास'चा आणि सीड्या ड्रॉवरमध्ये कुलूप लावून न ठेवणाऱ्या स्वतःचा तर सगळ्यांत जास्त.

"माझ्याच हातनं झाल्या," तो म्हणाला.

पुढच्या खंडेनवमीला गणपतराव ताट घेऊन कडा फोडायच्या शेडमध्ये आले. इकडंतिकडं बघत म्हणाले, "कृष्णात, यंदा तबकड्या न्हाईत व्हय रं पूजेला?"

"न्हाईत, आण्णा," म्हणत कृष्णातनं हातोडा पुढं केला.