फाटकावरची हाक

साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चाला, नाहीतर इंजेक्शनं घ्या. मला सुईची भीती आणि चालण्याचा कंटाळा. शेवटी माझी तब्येत शेजारच्या काकाजींनी हातात घेतली. काकाजी रिटायर्ड. उजाडलं की आमच्या फाटकाची कडी आपटत अख्ख्या नंदनवन कॉलनीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "काहून गा, झोपूनच राहिला का? साखर उशीखाली ठेवून राहिला का?" समोरच्या बाल्कनीत हशा पिकायचा. उरलीसुरली अब्रू वाचवायला मी निघायचो. परतताना टपरीवर दोघांचे तर्री-पोहे व्हायचे, पण ते डॉक्टरांना सांगण्यासारखं काही नव्हतं.

अशात ऑफिसात एका प्रेरणा देणाऱ्या सरांचं व्याख्यान झालं. नागपूरचा मे महिना, आणि सर टाय लावून आलेले. दुसऱ्याच्या धाकानं केलेलं काम माणसाला पोखरतं, म्हणाले; सुख हवं असेल तर प्रेरणा आतून आली पाहिजे. मी कडकडून टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतून साहेब मागे वळून बघत होते म्हणून वाजवल्या, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

त्याच संध्याकाळी मी काकाजींना गाठलं. "काकाजी, उद्यापासून हाक नका मारू. मी माझ्या इच्छेनं येईन. आतून येते ती."

काकाजी जरा वेळ माझ्या पोटाकडे बघत राहिले. "बरं. आली का सांगजो."

दुसऱ्या दिवशी मी गादीवर पडून तिची वाट पाहिली. आतून आवाज आला खरा. 'अजून थोडं झोप' म्हणाला. शेवटी आवाज माझाच, त्याला कुठून शिस्त असणार! बायकोनं विचारलं, "आज फिरायला नाही का?" मी तिला सगळा सिद्धान्त समजावला.

"अस्सं? मग चहाही आतूनच येऊ द्या," ती म्हणाली.

पुढच्या तपासणीत साखर मात्र कोणाच्याही धाकाशिवाय वाढलेली निघाली. तो कागद घेऊन घरी येतो तर फाटकाशी शेजारच्या काकू उभ्या. "भाऊ, तुम्ही यांना काय सांगितलं हो? तवापासून खाटेवरून हलून नाही राहिले. गुडघे आखडले. मी म्हटलं जा ना फिराले, तर म्हणतात, आता कोणाले उठवाले जाऊ?"

मी समजत होतो, काकाजी शिस्तीचा माणूस, मीच त्यांच्या गळ्यातलं लोढणं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी त्यांच्या फाटकाची कडी आपटली. "काहून काकाजी, झोपूनच राहिले का?"

 बाल्कनीतली मंडळी वेळेवर हजर. मी पुन्हा कडी आपटली.

"माही इच्छा आली नाही अजून!" काकाजी आतून ओरडले.

"तिले राहू द्या झोपू! पोहे संपून राहिले तिकडे!"

पोह्यांचं ऐकून अंगणातल्या काकूंनी माझ्याकडे डोळे वटारले. तेवढ्यात खाट करकरली, आणि कोणीतरी चपला शोधू लागलं.