पर्समधलं मीठ

कुरुंद्याहून वसमतला कॉलेजात जायला मी सकाळी सहाची एसटी धरायचे. हिवाळ्यात त्या गाडीची एकही खिडकी धड लागायची नाही. वसमत येईपर्यंत बोटं लाकडासारखी व्हायची आणि ड्रेसला खिसा नाही. बायकांच्या कपड्यांना खिसा काहून नसतो, हा माझा राग तेव्हापासूनचा.

मायनं त्यावर तोड काढली. रोज पहाटे ती दोन मुठी खडेमीठ तव्यावर भाजायची, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि माझ्या नव्या लाल पर्समध्ये कोंबायची. हौसेनं घेतलेल्या त्या पर्समध्ये रुमाल, पावडरची डबी आणि ही पुरचुंडी, एवढंच मावायचं. मला लाज वाटायची; पण गाडी सुटली की सगळ्या पोरी त्या गरम पुरचुंडीवर शेकायला हात पुढे करायच्या.

एका संध्याकाळी बाबा जेवता जेवता थांबले. “वरणाला हा कशाचा वास येऊन राहिला? गुलाबाचा?”

“पोरीच्या पर्समधलं मीठ हाय,” माय म्हणाली. “फेकून देऊ व्हय? मीठ कुठं विटतं का?”

रोज मी घरी आले की माय ती पुरचुंडी मिठाच्या बरणीत रिकामी करायची, हे मला तेव्हा कळलं. साऱ्या गाडीनं हाताळलेलं मीठ आम्ही खात होतो! मी ताटावरून उठले. “उद्यापासून हे बंद कर,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडीत पर्स उघडली. पावडरची डबी गायब होती. पुरचुंडी होती, आणि जागा झाली म्हणून मायनं मीठ दुप्पट भरलं होतं.