वाऱ्यासाठी सोडलेली जागा

मुंबईत घरांचे नकाशे काढायला शिकून मी श्रीवर्धनला परतलो, तेव्हा पहिलं काम मोहल्ल्याच्या कडेला राहणाऱ्या एका शेठांनी दिलं. त्यांची गलबतं चालायची. नवं घर त्यांना मुंबईसारखं, सुपारीची सगळी वाडी व्यापणारं हवं होतं. मीही तसाच नकाशा काढला. पायाची आखणी चालली होती, तेवढ्यात मागच्या घरातल्या काकू तिथे आल्या.

"शेठ, घर होतंय, आनंद आहे. पण समुद्राचा वारा आमच्याकडे तुमच्याच वाडीतून येतो हो."

दुपारी मला घेऊन शेठ काकूंच्या ओटीवर जाऊन बसले. सुपारीच्या झाडांतून गार झुळूक येत होती. उठताना ते म्हणाले, "बेटा, घर लहान कर. एका अंगाची झाडं राहू दे."

मी नकाशा बदलला. घरातली एक खोली गेली, पण झाडांची पट्टी समुद्राकडच्या रस्त्यापासून थेट काकूंच्या ओटीपर्यंत मोकळी राहिली. पुढे त्याच रस्त्यावर मी आणखी घरं बांधली. "शेठांनी सोडलीय तशी जागा आमच्याकडेही सोडा," असं मालक आपणहून सांगायचे, आणि मला फार बरं वाटायचं.